कुंकू लावलेली गिटार

आबा गिटार दातांनी लावायचे. लावायचे म्हणजे सुरात लावायचे. गिटारीच्या मानेचं वरचं टोक, जिथं खुंट्या असतात, ते दातांत हलकेच धरायचं, डोळे मिटायचे, एका हातानं तार छेडायची आणि दुसऱ्या हातानं खुंटी पिळायची. कारखान्यात पहिल्यांदा हे बघणारा माणूस हसायचाच. मीही हसलो होतो. पण शेडमधल्या आवाजानं त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता, उजवाही फारसा धड नव्हता, म्हणून त्यांनी दातांतून ऐकायची सोय शोधून काढली होती. "कान गेला म्हणून काय झालं, कवटी हाय की," असं म्हणायचे. एकदा घरी खोलीचं दार लावून मी माझ्या गिटारीचं टोक दातांत धरून पाहिलं. खरंच ऐकू येतं. फार स्वच्छ ऐकू येतं. बारा वर्षं गिटार वाजवूनही हे आपल्याला का सुचलं नाही म्हणून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आमचा कारखाना नाशिकच्या अंबडला आहे. छोटे ट्रान्सफॉर्मर बनवतो. मी तिथं स्टोअर सांभाळतो आणि आबा वाइंडिंगला होते, म्हणजे तांब्याची तार गुंडाळून कॉइल भरायचं काम. मूळचे हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे. ऐन तारुण्यात नाशकात आले आणि सिडकोत दोन खोल्यांत संसार केला. बुटके, काटक, शर्टाच्या खिशात कायम एक सुती चिंधी. सगळा कारखाना त्यांना आबा म्हणायचा, शेठसुद्धा. मी वयानं दहा-बारा वर्षांनी लहान, पण स्टोअरचा साहेब, म्हणून ते मला अहो-जाहो करत.

पुढे काही लिहिण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. मला या माणसाचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, पोटात दुखेल इतका. आजही त्यांच्याबद्दल कुणी चांगलं बोललं की मी मान डोलावतो आणि मनात एक खोड काढून ठेवतो.

याचं कारण समजायला आमची खंडेनवमी समजायला हवी. त्या दिवशी उत्पादन बंद असतं. सकाळी यंत्रं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा होते, शेठ नारळ फोडतात, मग जेवण आणि जेवणानंतर शेडमध्येच कामगारांचा ऑर्केस्ट्रा. त्या ऑर्केस्ट्रात बारा वर्षं गिटार वाजवणारा एकच माणूस होता, तो म्हणजे मी. माझी गिटार परदेशी बनावटीची, चकचकीत, टणक पेटीत मखमलीवर ठेवलेली. एरवी वर्षभर मी नटबोल्टांचा हिशेब मागणारा, कपाळावर आठ्या असलेला माणूस. त्या एका दुपारी मी गिटारवाले साहेब असायचो. पॅकिंगमधल्या बायका वळून बघायच्या, शेठची मंडळी नावानं हाक मारायची. हसू नका, पण तेवढंच एक माझ्याकडे होतं आणि ते मी वर्षभर पुरवून पुरवून वापरायचो.

अशाच एका खंडेनवमीला कार्यक्रम संपल्यावर लोक येऊन, साहेब, मस्त, असं म्हणून जात होते, तेव्हा आबा स्टेजपाशी आले. वाजवण्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. तारांखालच्या काळ्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, हे काय असतं. मी सांगितलं, पिकअप, तारेचा आवाज इथं पकडला जातो आणि पुढे स्पीकरला जातो. आत काय असतं, त्यांनी विचारलं. लोहचुंबक, मी म्हटलं, आणि त्याच्याभोवती तांब्याची बारीक तार, सात-आठ हजार वेढे. आबांनी त्या पट्टीवरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे हे आपलंच काम हाय." त्यांना गाण्याची आवड होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. कॉइलची होती.

पुढच्या महिन्यात ते मला म्हणाले, साहेब, गिटार घ्यायला माझ्यासोबत चला. शालिमारजवळच्या एका दुकानात आम्ही गेलो. दुकानदारानं तीन गिटारी काढून दाखवल्या. एक महाग होती, ती आमच्या आवाक्यातच नव्हती. मधली बरी होती. तिसरी काळी, दाराशी टांगलेली, धूळ बसलेली, सगळ्यात स्वस्त. तिच्या तारा मानेपासून इतक्या वर होत्या की खालून करंगळी गेली असती. आबांकडे मधलीपुरते पैसे होते, खिशात हात घालून ते उभेही होते. मी म्हणालो, शिकायला काळीच बरी, उगाच खर्च कशाला. दुकानदार म्हणाला, साहेब, थोडं वर जा, पुढे पस्तावाल. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प बसला. आबांनी काळी घेतली आणि बाहेर येऊन माझे आभार मानले, पैसे वाचवले म्हणून.

मी तसं का केलं, हे तेव्हाही मला पक्कं ठाऊक होतं. वाइंडिंगच्या माणसाकडे माझ्या गिटारीच्या जवळपास जाईल अशी काही वस्तू असू नये, एवढंच मला हवं होतं. दोन महिन्यांत बोटं सोलून निघतील, वस्तू पलंगाखाली जाईल आणि विषय संपेल, असा माझा हिशेब होता.

तो चुकला, कारण आबांनी ती वाजवायला घेतलीच नाही. त्यांनी ती आधी उघडली. सगळे स्क्रू काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले, आतल्या वायरी बघितल्या आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला येऊन सांगितलं, "वस्तू वाईट नसती साहेब. कंपनीनं अर्धी सोडलेली असती. उरलेली आपण करायची." हे वाक्य त्यांनी मग मला इतक्या वेळा ऐकवलं की मला ते पाठ झालं. कुणी त्यांच्या गिटारीला स्वस्त म्हटलेलं त्यांना चालत नसे. अर्धी म्हणा, असं म्हणायचे.

आणि त्यांनी उरलेली करायला घेतली. महिन्याला एकच दुरुस्ती, त्याच्यावर नाही. पहिल्या महिन्यात मानेतली सळई थोडी थोडी पिळून मान सरळ केली, तारा खाली आणल्या. मग मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची टोकं बोटांना ओरखडत होती, ती आमच्याकडच्या बारीक कानशीनं घासून गोल केली. तारा जिथून खुंट्यांकडे जातात तिथला प्लॅस्टिकचा तुकडा त्यांना आवडला नाही. खाटकाकडून हाड आणलं, उकळलं, वाळवलं आणि घासून घासून तसाच तुकडा बनवला. घरात हाड उकळल्याचा वास चार दिवस होता आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चार दिवस शेजारी जाऊन जेवत होत्या. मग खुंट्या बदलल्या. मग आतल्या पोकळीत तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला, म्हणजे स्पीकरमधली घरघर बंद व्हावी. ती झालीही. माझ्या परदेशी गिटारीची घरघर अजून चालू आहे.

एकदा त्यांनी मला विचारलं, तुमची आतून कशी हाय. मी म्हटलं, मी कधी उघडली नाही. बारा वर्षांत? मी म्हटलं, चांगली वस्तू आहे, उघडायची काय गरज. आबांना माझ्याबद्दल वाईट वाटलं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. बायकोच्या माहेरी कोण कोण असतं हे माहीत नसलेल्या नवऱ्याकडे बघावं तसं ते माझ्याकडे बघत होते.

मग पाळी पिकअपची. तो त्यांना नव्यानं भरायचा होता. त्यासाठी केसाहून बारीक तार लागते आणि ती आमच्या स्टोअरमध्ये होती, एका जुन्या ऑर्डरचं उरलेलं रीळ, ज्याला कुणी विचारत नव्हतं. आबा माझ्या टेबलाशी आले. मी त्यांना अर्ज लिहायला सांगितला. त्यांनी लिहिला, वळणदार अक्षरात, गिटारीसाठी थोडी तार मिळावी ही नम्र विनंती. मी तो दोन दिवस ठेवून घेतला आणि मग सांगितलं, कंपनीचा माल खाजगी कामाला देता येत नाही. नियम तसा आहेच, मी खोटं बोललो नाही. पण त्याच आठवड्यात शेठच्या पुतण्याला मी पतंगाच्या चक्रीसाठी बेअरिंग दिलं होतं.

आबांनी मान हलवली, नियम हाय तर हाय म्हणाले. रविवारी अंबड लिंक रोडच्या भंगारात गेले, विजेच्या पॅनेलमधले जुने रिले घेऊन आले, त्यातली तार उकलली आणि काकूंच्या शिलाई मशिनवर, बॉबिन भरायच्या चाकावर, तो पिकअप भरला. वेढे तोंडानं मोजत. मध्ये कुणी बोललं की आकडा चुकायचा आणि मग तार कापून पुन्हा एकपासून सुरुवात. काकूंनी मला नंतर सांगितलं की ते दहा दिवस घरात सगळा कारभार खुणांनी चालला होता. गिऱ्हाइकांचे ब्लाउज उशिरा गेले आणि एका बाईनं तर कापड परत नेलं. मी ऐकून हसलो. हसताना मनात विचार करत होतो की माझ्या घरी मी दहा मिनिटं शांतता मागितली तर कुणी देईल का.

त्यांच्या सुराचीही एक तऱ्हा होती. मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप मी त्यांना दिलं होतं, ते त्यांना पटलं नाही. शेडमध्ये टेस्टिंगचा मोठा ट्रान्सफॉर्मर दिवसभर गुणगुणत असतो, त्याच्या गुणगुणण्याला त्यांनी आपली गिटार लावली. हाच खरा सा, असं त्यांचं म्हणणं. "सगळ्या देशात हा सूर येकच हाय साहेब. लाईट असंल तिथं हाच." बोलणं खोटं नव्हतं, पण बाकीच्या जगातल्या वाद्यांपेक्षा तो सूर केसभर चढा होता. ऑर्केस्ट्राच्या तालमीला आबा पहिल्यांदा आले तेव्हा कीबोर्ड आणि त्यांची गिटार एकमेकांशी भांडू लागले, गाणाऱ्या मॅडमनी कानांवर हात ठेवले, आणि मला मनापासून आनंद झाला. तो आनंद पाच मिनिटं टिकला. कीबोर्डवाल्यानं दोन बटणं दाबली, कीबोर्ड आबांच्या सुराला आणून ठेवला आणि म्हणाला, आबांच्या ट्रान्सफॉर्मरला आपण लागू. मलाही माझी गिटार त्या सुराला लावावी लागली. तेव्हापासून आमचा ऑर्केस्ट्रा कारखान्याच्या विजेच्या सुरात वाजू लागला.

आबांना राग ठाऊक नव्हते, कॉर्डची नावं ठाऊक नव्हती. जेमतेम पाच-सहा गाणी यायची. जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली की ते आपल्या मशिनशेजारच्या स्टुलावर बसायचे आणि एकच सूर वाजवून तो संपेपर्यंत ऐकत राहायचे. संपला की चिंधीनं तार पुसायचे आणि पुन्हा तोच. मला ते खुळचट वाटायचं. एक दिवस मी डबा घेऊन रिळांच्या रॅकमागून जात होतो आणि त्यांनी नवा पिकअप बसवून, गिटार स्पीकरला जोडून पहिल्यांदा तार छेडली. मी जागच्या जागी थांबलो. माझ्या गिटारीचा आवाज चांगला आहे, पण तो दुकानातल्या सगळ्या चांगल्या गिटारींसारखा आहे. हा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. जाड, थोडा खरखरीत, आणि संपताना घाई न करणारा. मी रॅकमागे उभा राहून सगळी सुट्टी ऐकत राहिलो आणि डबा न उघडता परत गेलो. आबांनी मला पाहिलं होतं. नंतर येऊन विचारलंही, कसं वाटलं. मी म्हणालो, ठीक आहे, अजून जरा दाबून वाजवा. ते दोन-तीन वर्षं प्रत्येक नव्या दुरुस्तीनंतर मला हेच विचारत राहिले आणि मी प्रत्येक वेळी ठीक आहे म्हणत राहिलो.

बाकीच्यांना मात्र ठीक आहे वाटत नव्हतं. काळी गिटार घेतल्यापासूनच्या तिसऱ्या खंडेनवमीआधी तालमीत अकाउंट्समधल्या त्या गाणाऱ्या मॅडम माझ्याजवळ आल्या. फार गोड आवाजात म्हणाल्या, "सर, यंदा गाण्यामधला मोठा तुकडा आबांना देऊ या का? तुम्ही मागून साथ द्या. तुमचा हात साथीला फार छान बसतो." मी म्हणालो, अवश्य. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं, तुझीही दगदग कमी. मी तिच्याशी दोन दिवस धड बोललो नाही.

आता त्या सकाळचं सांगतो. पूजेचं साहित्य स्टोअरमधून निघतं, त्यामुळे ताट घेऊन सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावत फिरायचं काम माझं. शेठ फक्त शेवटी नारळ फोडतात. आणि आमच्याकडे कडक नियम, ज्याची पूजा झाली ते हत्यार दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत चालवायचं नाही. बाकीचे हा नियम सोयीनं पाळायचे, आबा अक्षरशः पाळायचे. एका वर्षी पूजा झाल्यावर शेठना एक कॉइल तातडीनं हवी होती. आबांनी, नोकरीत असलेल्या माणसानं, मालकाला सरळ सांगितलं, आज मशिनला सुट्टी हाय, आणि शेठनी ती कॉइल बाहेरून आणली. हे मला माहीत होतं. अगदी नीट माहीत होतं.

आबा आवारात झेंडूची फुलं आणायला गेले होते. त्यांची गिटार वाइंडिंग मशिनला टेकून उभी होती, गोधडीची खोळ काढून, जरा वारा लागावा म्हणून. शेडमध्ये त्या टोकाला मी एकटाच. मी मशिनला कुंकू लावलं. मग हात थोडा थांबला आणि पुढे गेला. काळ्या रंगावर कुंकू फार ठळक उठलं. हळद लावली, अक्षता वाहिल्या, वरच्या खुंटीला झेंडूचं फूल अडकवलं. मग हात जोडले. कुणी बघत असेल तर नीट दिसावं म्हणून जोडले.

नारळ फुटला, प्रसाद वाटला, आणि मग आबा फुलांची टोपली घेऊन आपल्या मशिनपाशी आले. थांबले. टोपली खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, कारण मी नारळाची करवंटी उचलण्यात फार गुंतलो होतो. लोक जमले. मॅडम म्हणाल्या, अहो, ओल्या फडक्यानं पुसून टाकू, देवाला चालतं. कीबोर्डवाला म्हणाला, गिटार काय यंत्र आहे का. आबांनी कुणाला हात लावू दिला नाही. पूजा झाली म्हंजे झाली, एवढंच म्हणाले. मीही पुढे होऊन म्हणालो, अरेरे, सगळ्यांना लावता लावता हिलाही लागलं, माझ्या लक्षातच आलं नाही. मग आता मधला तुकडा कोण वाजवणार, असा प्रश्न आला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी वाजवला. खोटा विनय नको, त्या दुपारी मी फार चांगला वाजवला. चूक एकही नाही. पण मान वर करून बघितलं तर निम्मे लोक वाइंडिंगकडे होते. पूजेला बसलेली गिटार याआधी कुणी पाहिलीच नव्हती. पॅकिंगच्या बायकांनी तिला पुन्हा हळदकुंकू वाहिलं, कुणी पुढ्यात केळं ठेवलं, लोक फोन काढून तिच्याबरोबर फोटो काढत होते. न वाजवता तिनं माझ्यापेक्षा जास्त टाळ्या घेतल्या. आबा शेजारी स्टुलावर हात जोडून बसले होते आणि प्रत्येकाला सांगत होते की साहेबांनी केली पूजा, साहेबांच्या मनात आलं.

कार्यक्रम संपल्यावर मी गिटार पेटीत ठेवत होतो तेव्हा ते आले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "चौतीस वर्सं मशिनला कुंकू लावलं साहेब. ती शेठची. आज पैल्यांदा माझ्या मालकीची वस्तू पूजेला बसली. मला लय वाटायचं ठेवावी, पन लोक हसतील म्हनून नाय ठेवली. तुम्हाला कसं कळलं?" मी पेटीतली मखमल नीट केली. मग त्यांनी माझ्या उघड्या पेटीत डोकावून सहज विचारलं, तुमच्या गिटारीला कुठं लावलंत कुंकू. मी म्हणालो, तिला वाजवायचं होतं ना. बरोबर हाय, ते म्हणाले. खरं हे होतं की इतक्या वर्षांत, दर वर्षी ताट हातात असून, माझ्या गिटारीला कुंकू लावावं हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आबा निवृत्त झाले आणि काकूंना, शिलाई मशिनला आणि गिटारीला घेऊन गावी परत गेले. ऑर्केस्ट्रा पुन्हा माझ्याकडे आला. मला वाटलं होतं बरं वाटेल. पण मधल्या तुकड्याला लोक थोडं थांबायचे, कशाची तरी वाट बघितल्यासारखे, आणि मग टाळ्या वाजवायचे. दर खंडेनवमीच्या आधी आबांचा फोन यायचा, साहेब, कुंकू लावायला या, दुसऱ्या कुणाच्या हाताचं नको. दोन वर्षं मी कामाचं निमित्त सांगितलं. गेल्या वर्षी, आता कारभार बघणाऱ्या धाकट्या शेठनी ऑर्केस्ट्राऐवजी भाड्याचे स्पीकर लावले, माझी दुपार मोकळी झाली, आणि निमित्त संपलं.

मोटारसायकलवर त्र्यंबकवरून हरसूल आणि तिथून पुढे त्यांचा पाडा. भात पिवळा पडायला लागला होता. आबा ओट्यावरच बसले होते. आत भिंतीशी पाट मांडून त्यावर विळा, कोयता, कुऱ्हाड ठेवली होती, शेजारी काकूंची शिलाई मशिन आणि मध्ये ती काळी गिटार. सगळ्यांना कुंकू लागलेलं होतं. गिटार कोरी होती. सकाळपासून थांबलेत, काकू म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या. आबांनी ताट माझ्या हातात दिलं.

माझ्याच्यानं लाववेना. ताट मी पाटावर ठेवलं आणि त्यांच्या बऱ्या कानाशी वाकून सांगून टाकलं. "आबा, त्या वर्षी मी भक्तीनं नव्हतं लावलं. तुम्ही वाजवू नये म्हणून लावलं."

शिव्या खायची माझी तयारी होती, खरं तर मला त्या हव्या होत्या, म्हणजे हिशेब मिटला असता. आबांनी शांतपणे विचारलं, "का? मी वाजवलं असतं तर काय झालं असतं?"

"माझ्याकडे कुणी बघितलं नसतं."

"म्हंजे माझी चांगली वाजत व्हती?"

"हो."

"तुमच्यापेक्षा?"

मी मान हलवली. आबा उंबऱ्यावर बसले. चिंधी काढून त्यांनी तोंड पुसलं. "मग सांगायचं ना साहेब," ते म्हणाले. "आख्ख्या कारखान्यात गिटारीतलं कळनारे तुम्ही येकटे. बाकीचे मस्त मस्त म्हनायचे, त्यांना काय कळतंय. मी तुमच्याकडं बघत व्हतो. रोज घरी येऊन आमच्या हिला सांगायचो, साहेब आजबी काय बोलले नाय, म्हंजे अजून कायतरी र्‍हायलंय."

मला तेव्हा त्या सगळ्या दुरुस्त्या आठवल्या. महिन्याला एक. मला वाटत होतं की तो माणूस गिटारीशी खेळतो आहे. तो माझ्या एका शब्दासाठी ती पुन्हा पुन्हा उघडत होता, आणि मी त्याला अजून जरा दाबून वाजवा म्हणत होतो.

आबांनी काकूंना हाक मारली, भायेर ये म्हणाले, साहेब काय म्हनतात ते ऐक. काकू पदराला हात पुसत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होती. बोला, आबा म्हणाले.

"आबांची गिटार माझ्यापेक्षा चांगली वाजते," मी म्हणालो. काकूंनी आबांकडे बघितलं, आबांनी मान खाली घातली, आणि मी पुढचंही बोललो, कारण ते अर्धं ठेवून चाललं नसतं. "पहिल्या दिवसापासून वाजत होती." एवढं बोलणं मला फार जड गेलं. खरं सांगतो, त्या क्षणीही मला त्यांचा हेवाच वाटत होता.